ऑक्टाव्हिया आरएसचे मागचे शॉकअप बदलायचेत? ब्रँड राहू द्या, आधी स्प्रिंग बघा

स्कोडाची सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घेतलेल्या माणसाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच की मागून खडखड येतेय, गाडी डुलतेय, शॉकअप कुठले टाकू. आणि उत्तरं पण ठरलेली, एक जण म्हणतो डोळे झाकून बिलस्टीन टाक, दुसरा म्हणतो कंपनीचेच घे बाकी सगळं फुकटचा खर्च, तिसरा आपल्या ओळखीच्या गॅरेजचा नंबर पाठवतो. तुझ्या गाडीत आत्ता स्प्रिंग कुठली आहे, हे या तिघांपैकी एकही विचारत नाही. आणि शॉकअपची निवड जवळजवळ पूर्णपणे त्याच एका गोष्टीवर ठरते, म्हणून हा लेख जरा उलट्या क्रमाने जाईल, ब्रँडची नावं बरीच खाली येतील, घाई असेल तरी मधलं सोडून खाली उडी मारू नका.

आधी गाडी नक्की कुठली ते बघू, कारण आरएस या नावाखाली आपल्याकडे वेगवेगळ्या गाड्या आल्यात. २००४ ला पहिली आली १.८ टर्बोवाली, मग २०११ ला लॉरा आरएस (दुसऱ्या पिढीतली ऑक्टाव्हियाच, आपल्याकडे लॉरा नावाने), २०१७ ला २३० पीएसची तिसऱ्या पिढीतली, २०२० मध्ये फक्त २०० गाड्या आल्या त्या २४५ वाल्या, आणि २०२५ ला १०० गाड्या २६५ पीएसच्या. पहिलीला मागे टॉर्शन बीम होता, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा, लॉरापासून पुढे मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगवेगळे आर्म. प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पण वेगळे, लॉरा पीक्यू३५ वर आणि २०१७ वाली एमक्यूबी वर, त्यामुळे "स्कोडाचाच आहे, बसेल" असं कोणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा. मी इथे मुख्यतः २०१७ आणि २०२० वाल्या गाड्यांबद्दल लिहितोय कारण आत्ता शॉकअप बदलायला आलेल्या गाड्या त्याच.

पायरी १: खरंच शॉकअपच गेलाय का?

निम्म्या केसेस इथेच मिटतात. सगळ्यात आधी डिकी रिकामी करा, म्हणजे खरोखर रिकामी, स्टेपनीच्या खड्ड्यातला जॅक, पाना, टो हुक, मागचा पार्सल ट्रे सगळं काढून घरी ठेवा आणि मग त्याच रस्त्याने एक चक्कर मारा. हसू नका, ५९० लिटरची डिकी आहे, तिच्यात सैल पडलेला पाना शॉकअपपेक्षा जास्त आवाज करतो.

आवाज तरीही आला तर तो कधी येतो ते ऐका. हळू वेगात, बारीक बारीक खड्ड्यांवर टकटक येत असेल आणि शॉकअप बाहेरून कोरडा असेल तर संशय आधी अँटीरोल बारच्या (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर आणि शॉकअपच्या टॉप माउंटवर (शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो त्या जोडावर) घ्यायचा. चांगला मिस्त्री लिंक रॉड तात्पुरता सोडवून गाडी आवारात हळू फिरवून बघतो, आवाज गेला तर शॉकअप वाचले तुमचे. आवाज कमी पण गाडी तरंगल्यासारखी वाटतेय, एक्स्प्रेसवेवर पुलाच्या जॉइंटवरून गेलं की मागचा भाग एकदा बसून थांबायच्या ऐवजी दोनदा तीनदा हलतोय, लेन बदलली की ढुंगण जरा उशिराने येतंय, तर मग हो, शॉकअप.

आता खाली वाकून टॉर्च मारा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला शॉकअप उभा दिसतो, त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर रबरी किंवा प्लॅस्टिकचं धूळ कव्हर असतं. अंगावर नुसती धूळ चिकटल्यासारखा हलका ओलसर डाग असेल तर घाबरू नका, रॉड वर खाली होताना थोडंसं तेल सीलमधून येतंच. पण वरून खालपर्यंत ओघळ असेल, त्यावर काळा चिखल साचला असेल आणि बोट लावल्यावर बोट तेलकट होत असेल तर तो गेला. मग धूळ कव्हर जमेल तितकं वर सरकवून आत बघा, आत रॉडवर फोमसारखा पिवळट बंपस्टॉप असतो, शॉकअप पूर्ण दाबला गेला की धक्का झेलणारा, जुन्या गाडीत त्याचा अक्षरशः भुगा झालेला असतो आणि कव्हर हलवलं की रवा सांडावा तसा खाली पडतो. बंपस्टॉप असा झालेला असेल तर शॉकअप बराच काळ आतून ठोकला गेलाय हे नक्की, मग तेल गळत नसलं तरी तो बदलायच्या यादीत टाका.

टायरवरून तळहात फिरवा. शॉकअप मेलेला असेल तर ट्रेडवर ठराविक अंतराने उंच सखल चट्टे पडलेले हाताला लागतात, कारण चाक रस्त्यावर टेकून राहायच्या ऐवजी नाचत असतं. पण एकाच बाजूने, आतून किंवा बाहेरून, टायर खाल्ला असेल तर ती अलाइनमेंटची तक्रार, शॉकअपची नाही.

कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबायची आणि किती वेळा उसळते ते मोजायचं, ही जुनी टेस्ट या गाडीत फारशी कामाची नाही. स्प्रिंग मुळातच कडक, माणसाच्या जोराने ती दाबली जाते ती किती, एखाद दोन इंच, पूर्ण मेलेला शॉकअप तेवढा पकडला जाईल पण अर्धमेला सुटेल.

आणि एक मोठा गैरसमज इथेच मोडून टाकू. मागे तीन जण बसले, डिकीत गावचा तांदूळ आणि आंब्याच्या पेट्या भरल्या आणि गाडी मागून बसली, तर तो दोष शॉकअपचा नाही. वजन उचलते स्प्रिंग. शॉकअप फक्त स्प्रिंगची उसळी थांबवतो, आतलं तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पत्र्यांच्या व्हॉल्व्हमधून जातं आणि हालचालीची उष्णता होते, बस एवढंच त्याचं काम. त्यामुळे गाडी उंच व्हावी म्हणून महागडे शॉकअप घेतले तर गाडी जवळपास तेवढीच खाली राहणार, गॅसच्या दाबाने फरक पडला तर नावापुरता. आणि त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यात रबराचे बफर घालून देतात ते या गाडीत अजिबात घालू नका, काही वेढे त्याने जाम होतात, स्प्रिंग अचानक कडक होते आणि तिला आवरायला शॉकअपचं डॅम्पिंग, म्हणजे उसळी थांबवायची ताकद, पुरत नाही.

पायरी २: स्प्रिंग कुठली आहे ते शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे वेळ घालवा.

आरएस कंपनीतूनच साध्या ऑक्टाव्हियापेक्षा साधारण १५ मिमी खाली येते, स्प्रिंग वेगळ्या, शॉकअपही त्यांच्या जोडीचे. त्यात सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय देव जाणे, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) टाकून मग विकताना परत जुन्या लावणारे असतात, न लावणारे असतात आणि कंपनीच्या स्प्रिंगचे वेढे कापणारे पण असतात. मल्टिलिंकमध्ये मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, खालच्या आर्मवर बसलेली असते, त्यामुळे ती नीट दिसते. टॉर्च मारून बघा, कंपनीच्या स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात, वजनाच्या वर्गाप्रमाणे. आयबाख किंवा एच अँड आर या बाहेरच्या ब्रँडची स्प्रिंग असेल तर बहुतेक वेळा तारेवर नाव छापलेलं सापडतं, चिखल पुसून बघा. टोक सपाट, चकचकीत, करवतीने कापल्यासारखं दिसलं तर शॉकअपचा विचार सोडा, आधी स्प्रिंग बदला.

मग मोजमाप. गाडी सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर, डिकी रिकामी, आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा, चारही चाकांचं. टायर किंवा रिमचा साइज बदलला तरी हे माप बदलत नाही म्हणून हेच घ्यायचं, जमिनीपासूनचं नाही. डाव्या उजव्यात मोठा फरक असेल तर एखादी स्प्रिंग मोडलेली असण्याची शक्यता आहे, बऱ्याचदा अगदी खालचा वेढा तुटतो आणि आर्मच्या खोबणीत बसल्यामुळे दिसत पण नाही.

हे सगळं कशासाठी? कारण प्रत्येक शॉकअपला ठराविक प्रवास असतो, किती आत जाणार, किती बाहेर येणार. गाडी २५-३० मिमी खाली केली आणि शॉकअप मूळ लांबीचाच ठेवला तर तो कायम अर्धा दाबलेल्या अवस्थेत राहतो, आत जायला जागाच उरत नाही, प्रत्येक स्पीडब्रेकरला बंपस्टॉपवर आदळतो आणि लोक म्हणतात लोअरिंग स्प्रिंग कडक आहेत. स्प्रिंग कडक नसतात, तुम्ही बंपस्टॉपवर बसून गाडी चालवताय. म्हणून खाली केलेल्या गाडीला आखूड बॉडीचे शॉकअप लागतात. उलटही तसंच, कंपनीच्या उंचीच्या गाडीला आखूड शॉकअप लावला तर चाक खाली लोंबायला पाहिजे तेवढं लोंबत नाही आणि मोठ्या खड्ड्यात शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ठाप्पकन आवाज येतो.

दुसरी गोष्ट ताकदीची. कडक स्प्रिंग जास्त जोराने परत उसळते, तिला थोपवायला रिबाउंड, म्हणजे शॉकअप ताणला जातानाचा विरोध, जास्त लागतो. कंपनीचा मऊ शॉकअप कडक स्प्रिंगवर लावला की गाडी बेडकासारखी चालते. पण म्हणून उगाच रिबाउंड वाढवून ठेवलं तर आपल्या रस्त्यांवर वेगळंच होतं, ओळीने चार पाच खड्डे आले की स्प्रिंगला प्रत्येक वेळी पूर्ण परत यायला वेळच मिळत नाही, गाडी दर खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटच्या खड्ड्यात आदळते. गुळगुळीत ट्रॅकवर मस्त वाटणारा सेटअप पावसाळ्यातल्या मुंबई नाशिकवर नको होतो तो यामुळे.

पायरी ३: गाडीचे कोड काढून ठेवा

डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याच्या आसपास एक कागदी स्टिकर असतो, सर्व्हिस बुकातही त्याची प्रत असते, त्यावर बारीक अक्षरात तीन तीन अक्षरी पीआर कोड असतात. त्यातले काही कोड सस्पेन्शनचे, गाडी साधी, खराब रस्त्यासाठी उंच केलेली की स्पोर्ट, आणि कुठल्या वजनाची. स्टिकरचा फोटो आणि चेसीस नंबर, या दोन गोष्टी नसतील तर दुकानदार तुम्हाला अंदाजाने माल देणार.

अजून एक, पार्ट नंबरच्या मधले तीन आकडे बघायची सवय लावा. फोक्सवॅगन ग्रुपमध्ये मागच्या शॉकअपला मध्ये ५१३ असतं आणि पुढच्याला ४१३. खोक्यावर काही का लिहिलेलं असेना, हे तीन आकडे चुकले तर परत पाठवा.

डीसीसीवाली गाडी असेल, म्हणजे ड्रायव्हिंग मोड बदलला की सस्पेन्शन पण कडक मऊ होतं अशी, तर शॉकअपमधून एक वायर निघालेली दिसेल. तिथे साधा शॉकअप लावला तर डॅशबोर्डवर एरर येते, आणि ती घालवायला वेगळं मॉड्यूल किंवा कोडिंग करावं लागतं. वायर दिसली तर डीसीसीचेच शॉकअप शोधा, बाकी भानगडीत पडू नका.

आणि कमी पॉवरच्या ऑक्टाव्हियाला मागे टॉर्शन बीम असतो, तिचा शॉकअप तुमच्या गाडीला चालत नाही. दोन्ही खोक्यांवर "ऑक्टाव्हिया ३" असंच लिहिलेलं असतं म्हणून सांगतोय.

पायरी ४: मोनोट्यूब की ट्विनट्यूब

ट्विनट्यूब म्हणजे नळीत नळी. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादाचं तेल आणि वर थोडा कमी दाबाचा नायट्रोजन. स्वस्त पडतो, घर्षण कमी म्हणून बारीक खडबडीवर मऊ वाटतो. तोटा म्हणजे सलग खराब रस्त्यावर तेल तापतं, त्यात गॅस मिसळून फेस व्हायला लागतो आणि शॉकअपचा जोर उतरतो, थंड झाल्यावर परत येतो.

मोनोट्यूब म्हणजे एकच जाड नळी, खालच्या टोकाला एक तरंगता पिस्टन आणि त्याच्यामागे जास्त दाबाचा नायट्रोजन, साधारण २० ते ३० बार. तेल आणि गॅस वेगळे ठेवल्यामुळे फेस होत नाही, नळी थेट वाऱ्याला लागते म्हणून गार पण लवकर होतो. घाटात जोरात चालवणाऱ्याला फरक कळतो. पण बारीक खड्ड्यांवर जरा टणक, आणि एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, पिस्टन थेट बाहेरच्या नळीच्या आतल्या भिंतीवर घासत असतो त्यामुळे खडीचा मोठा दगड लागून नळीला पोचा पडला तर मोनोट्यूब तिथेच अडकतो किंवा सील फाटतं. ट्विनट्यूबची बाहेरची नळी पोचली तरी आतली काम करत राहते. तुमचा रोजचा रस्ता मुरमाचा आणि खडीचा असेल तर हे मनावर घ्या.

पायरी ५: आता ब्रँड

तुमची गाडी कंपनीच्या उंचीवर, रोज ऑफिस, महिन्यातून एकदा गावाला, आणि नवीन असताना जशी चालायची तशीच पाहिजे, तर सॅक्स किंवा बिलस्टीन बी४. सॅक्स हा झेडएफचा ब्रँड, जर्मन गाड्यांना कारखान्यातच शॉकअप पुरवणारा, आणि बी४ म्हणजे बिलस्टीनचा मूळ शॉकअपला पर्याय, अपग्रेड नाही. नावात बिलस्टीन आहे म्हणून बी४ कडून चमत्काराची अपेक्षा ठेवणारे खूप भेटतात आणि मग ते सगळीकडे सांगत फिरतात की बिलस्टीनमध्ये काही दम नाही. केवायबीचा एक्सेल-जी पण याच वर्गातला, ट्विनट्यूब, साधा आणि टिकाऊ, फक्त आरएसच्या स्पोर्ट सस्पेन्शनला लागणारा नंबर आहे का ते तपासून घ्या, साध्या ऑक्टाव्हियाचा घेतलात तर मऊ पडेल.

स्प्रिंग कंपनीच्याच पण गाडी जरा घट्ट पाहिजे, तर बिलस्टीन बी६. लोअरिंग स्प्रिंग असतील तर बी८, तोच बी६ पण आखूड बॉडीत. दोन्ही मोनोट्यूब, दोन्ही पिवळे, बाहेरून ओळखू येत नाहीत, म्हणून पार्ट नंबरच बघायचा. फॅक्टरीतून खाली आलेल्या स्पोर्ट सस्पेन्शनच्या गाडीला बी६ की बी८ हा प्रश्न नेहमीचा, कारण काही गाड्यांना बिलस्टीन स्वतःच स्पोर्ट सस्पेन्शनसाठी बी८ सांगतं. तिथे माझं किंवा मित्राचं ऐकू नका, बिलस्टीनच्या कॅटलॉगमध्ये चेसीस आणि पीआर कोडसमोर जे येईल तेच घ्या.

कोनीचं गणित वेगळं. स्पेशल अ‍ॅक्टिव्हमध्ये वेगळा व्हॉल्व्ह असतो, बारीक जलद खडबडीवर मऊ राहतो आणि मोठ्या संथ हालचालीला, म्हणजे वळणात किंवा ब्रेक मारल्यावर, घट्ट होतो. घरचे मागे बसून कुरकुर करतात आणि तुम्हाला घाट पण सोडवत नाही, अशा संसारी माणसाला माझं मत याच्याच बाजूने. कोनी स्पोर्ट, तो पिवळा, रिबाउंड कमी जास्त करता येणारा. पण "अ‍ॅडजस्टेबल" ऐकून लगेच उडी मारू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये मागचा शॉकअप गाडीतून काढून, पूर्ण दाबून, मग फिरवून सेट करावा लागतो, म्हणजे प्रत्येक बदलाला गॅरेजची फेरी. लोक एकदा सेट करतात आणि विसरून जातात.

कॉइलओव्हर किट, म्हणजे उंची कमी जास्त करता येणारे स्प्रिंग आणि शॉकअपचे सेट, बी१४ वगैरे, हा वेगळा विषय आहे. उंची सेट करायची, चारही कोपऱ्यांचं काम, चौपट खर्च. नवीन माणसाने पहिल्याच फटक्यात तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

फक्त मागचेच बदलले तर चालतील का? एका एक्सलचे दोन्ही एकदम, हा नियम कधीच मोडायचा नाही, एक नवा एक जुना असेल तर ब्रेक मारताना गाडी वाकडी वागते. पुढचे मागचे मात्र परिस्थितीवर आहे. मूळ जातीचेच शॉकअप मागे टाकताय आणि पुढचे ठीक आहेत, तर खुशाल फक्त मागचे टाका. पण मागे बी६ आणि पुढे लाखभर किमी चाललेले मूळ शॉकअप, हे कॉम्बिनेशन वाईट. मागचा भाग झटकन वळतो, पुढचा ढिला, आणि पावसात अंबोली किंवा वरंधा घाटात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर यायला बघते. पुढचे पण बदलायचे ठरले तर आधी स्ट्रटचा, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळीचा, व्यास मोजा, एमक्यूबी गाड्यांत ५० आणि ५५ मिमी दोन्ही येतात.

किती किमीला बदलायचे म्हणाल तर शॉकअप कंपन्या ८०,००० किमीच्या आसपासचा आकडा सांगतात. समृद्धीवर नागपूर मुंबई करणाऱ्याचे त्याच्या पुढे जातील आणि शहरातल्या खोदलेल्या रस्त्यांवर त्याच्या खूप आधी संपतील.

पायरी ६: सोबत काय मागवायचं

दोन टॉप माउंट, दोन बंपस्टॉप, दोन धूळ कव्हर, वरचा नट आणि खालचे बोल्ट. शॉकअपच्या खोक्यात हे बहुतेक वेळा नसतं आणि गाडी जॅकवर चढल्यावर आठवतं. जुना भुगा झालेला बंपस्टॉप नवीन शॉकअपवर लावणं म्हणजे नवीन शॉकअप मुद्दाम मारणं. बोल्ट का, तर या ग्रुपमध्ये बरेच बोल्ट आधी टॉर्क आणि मग ठराविक अंश फिरवून आवळायचे असतात, ते ताणले जातात, परत वापरायचे नसतात. बी८ सारख्या आखूड शॉकअपला काही वेळा स्वतःचा बंपस्टॉप येतो, तो आला तर मूळचा त्यावर चढवू नका, सोबतचा कागद वाचा.

खरेदीबद्दल थोडंच. सेकंडहँड शॉकअप घेऊ नका, किती आयुष्य शिल्लक आहे ते बाहेरून कोणालाच कळत नाही. भोक पाडून तेल भरून वेल्डिंग करून देणारे "रिपेअर" पण नको, आतला गॅस आणि व्हॉल्व्ह परत येत नाहीत. बाहेरून मागवताय तर किमतीवर ड्यूटी, जीएसटी आणि कुरियर धरून मग इथल्या डीलरच्या भावाशी तुलना करा, जड वस्तू आहे, कुरियरच भारी पडतं. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि शॉकअपच्या नळीवर ठोकलेला किंवा छापलेला नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का ते दुकानातच बघा. इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवून ठेवा, विशेषतः गाडीची उंची बदलणार असेल तर.

पायरी ७: बसवताना शेजारी उभे राहा

मागचं काम पुढच्यापेक्षा सोपं आहे, स्प्रिंग वेगळी असल्यामुळे स्प्रिंग कंप्रेसर लावायची गरज नाही. चाक काढायचं, खालच्या आर्मला जॅकचा आधार द्यायचा, खालचा बोल्ट आणि वरचे माउंटचे दोन बोल्ट सोडायचे, शॉकअप बाहेर. आर्मला आधार दिला नाही तर तो धाडकन खाली येतो, स्प्रिंग निसटते आणि एबीएसच्या वायरवर ताण येतो, त्यामुळे जॅक लावल्याशिवाय बोल्टला हात लावू देऊ नका.

नवीन ट्विनट्यूब शॉकअप आडवा पडून आलेला असतो, तो उभा धरून हाताने चार पाच वेळा पूर्ण दाबून आणि ओढून घ्यायचा, म्हणजे आतल्या नळीत गेलेला गॅस वर निघून जातो. नाही केलं तर पहिल्या दिवशी गाडी डगडग करते आणि तुम्ही दुकानदाराला फोन करता.

आता ज्या दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं त्या. एक, वरचा नट आवळताना रॉड सोबत फिरतो म्हणून घाईत कोणीतरी पक्कड घेऊन चकचकीत रॉड धरतं. त्या क्षणी थांबवा. रॉडवर एक ओरखडा पडला की तो प्रत्येक खड्ड्याला सीलमधून वर खाली जाणार आणि काही आठवड्यांत तेल गळायला लागणार, वॉरंटीवाला तो ओरखडा बघूनच क्लेम नाकारेल. रॉडच्या टोकाला पाना किंवा अ‍ॅलन की धरायची सोय असते, तीच वापरायची, आणि इम्पॅक्ट गन तर वरच्या नटला लावूच नये.

दोन, खालचा बोल्ट गाडी हवेत लटकत असताना फायनल आवळायचा नाही. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबराचा बुश असतो आणि तो रबर नळीला चिकटवलेला असतो, चाक लोंबत असताना आवळला तर गाडी जमिनीवर आली की बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि तोवर राइड पण कडक लागते. जॅकने हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, वर उचलून चाकाचं माप पायरी २ मध्ये मोजलेल्या उंचीवर आणायचं आणि मग टॉर्क रेंचने आवळायचं. म्हणून ते माप लिहून ठेवायला सांगितलं. टॉर्कचे आकडे तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, "हाताला कळतं साहेब" हे उत्तर चालवून घेऊ नका.

पायरी ८: बसवल्यावर

फक्त मागचे शॉकअप बदलले आणि उंची तीच राहिली तर मल्टिलिंकमध्ये टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, हलत नाहीत, कारण ते आर्म ठरवतात, शॉकअप नाही. त्यामुळे "आता अलाइनमेंट करावीच लागेल" म्हणाले तर कशासाठी ते विचारा. स्प्रिंग पण बदलल्या असतील किंवा उंची फरकली असेल तर मात्र चारही चाकांची अलाइनमेंट करा, आणि ऑटो लेव्हलिंगचे हेडलाइट असतील तर उंची मोजणारा सेन्सर मागच्या आर्मला असतो, त्याचं कॅलिब्रेशन पण सोबत करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात लाइट मारत फिराल.

पहिले काही दिवस गाडी जरा कडक लागेल, सील बसेपर्यंत तसंच असतं. शेपाचशे किमी झाल्यावर परत टॉर्च मारून बघा, रॉडच्या तोंडाशी हलका ओलसरपणा दिसला तर पुसून घ्या आणि आठवड्याने पुन्हा बघा. पुन्हा ओघळ आलाय, किंवा वरून टकटक सुरू झालीय, तर आधी टॉप माउंटचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आहे का ते तपासा, आणि तो बरोबर निघाला तरच शॉकअप घेऊन दुकानात जा, बिल आणि खोकं दोन्ही सोबत.